मोकळं चाक

गंगाधर हातात पाना घेऊन इंजिनघराच्या जिन्यावरून खाली आला, की कणकेच्या खोलीतल्या बाया बोटं मोडायच्या. तोंडावर नव्हे, त्याची पाठ वळल्यावर. पण त्याला ऐकू जाईल अशा बेताने. "आला बघा मेला. आज कुणाच्या तोंडचा घास काढतोय कोण जाणे!"

घोडपदेवाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर हरजीवनशेठचा वाफेवर चालणारा बिस्किटांचा कारखाना होता. साहेबलोकांच्या चहासोबतची नाजूक बिस्किटं तिथे होत नसत. सरहद्दीवरच्या लष्करासाठी आणि आगबोटींसाठी जाड, टणक बिस्किटं व्हायची. पाण्यात भिजवल्याशिवाय दात लागणार नाही अशी. इंजिनातली सगळी ताकद छताखालच्या एका लांब, फिरत्या लोखंडी आसात, म्हणजे शाफ्टमध्ये यायची आणि तिथून चामडी पट्ट्यांनी एकेका यंत्राला मिळायची. त्या सगळ्या यंत्रांची निगा राखणं, झिजलेलं बदलणं, तुटायच्या आत ओळखणं, हे काम गंगाधरचं.

गिरगावातल्या प्रभूंच्या घरातला हा मुलगा. बाप, काका, मामा, सगळे सरकारी कचेऱ्यांत कारकून. हा एकटाच परळला रेल्वेच्या कारखान्यात जाऊन लोखंडाचं काम शिकला. घरी जेवायला बसला की काका म्हणायचा, "आधी नखं बघू. तेलाचा वास वरणाला लागतो." गंगाधर हसून सोडून द्यायचा. यंत्र नीट चालताना त्याचा जो एकसारखा सूर लागतो, तो ऐकला की त्याला सगळं भरून पावायचं.

पण कारखान्यात एक नियम होता. यंत्र बंद, तर रोज, म्हणजे दिवसाची मजुरी, बंद. दुरुस्तीसाठी कणकेचं यंत्र थांबलं की मुकादम दौलत सगळ्या बायांना फाटकाबाहेर काढायचा. पुन्हा सुरू झालं की फाटकाशी उभ्या असलेल्यांतून त्याच्या मर्जीतल्या आत घ्यायचा. जिने मध्ये कधी उलट उत्तर दिलं असेल, जी खोकत असेल, ती बाहेरच राहायची. प्लेगच्या, गाठीच्या तापाने मुंबईत इतक्या बायका विधवा करून ठेवल्या होत्या, की फाटकाशी कधी तुटवडा पडत नसे. म्हणून बायांचा राग दौलतवर नव्हता. दौलत तर आत घेणारा होता. राग होता तो बंद करणाऱ्यावर.

एका मंगळवारी सकाळी गंगाधरला लाटणीचा सूर बिघडलेला वाटला. लाटणी म्हणजे दोन जाड लोखंडी रुळांचं यंत्र. मळलेल्या कणकेचे गोळे त्यात जायचे आणि चादरीसारखी पोळी होऊन बाहेर पडायचे. तिच्या बाजूला दोन चाकं होती, एक पक्कं आणि एक मोकळं. पट्टा पक्क्या चाकावर असला की रूळ फिरायचे. दांडा ओढून तो मोकळ्या चाकावर सरकवला की ते चाक नुसतंच फिरत राहायचं आणि रूळ थांबायचे. आता मोकळ्या चाकाच्या पोटातली पितळी नळी, म्हणजे बुश, झिजून चाक डुगडुगायला लागलं होतं. डुगडुगलं की पट्टा हळूहळू पक्क्या चाकाकडे सरकायचा. म्हणजे थांबवलेले रूळ आपोआप फिरायला लागणार. आणि रूळ थांबले की बाया त्यांना चिकटलेली कणीक हाताने खरवडायच्या.

चिंचपोकळीला एका लेथवाल्याकडे नवी बुश ओतून, कातून घ्यावी लागणार होती. दोन दिवस तरी गेले असते. सगळी कणीक त्या एकाच लाटणीतून जायची, म्हणजे दोन दिवस सगळंच बंद.

तो दौलतला सांगायला निघाला, तेवढ्यात इंजिनघराजवळच्या नळापाशी रखमाने त्याला अडवलं.

रखमा माझगावच्या कोळीवाड्यातली. नवरा तापाने गेला, होडी दिराने विकली, आणि ती मासळीची पाटी टाकून इथे लाटणीवर आली. लाटणीवर तिच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. सगळ्या बाया गंगाधरला अहोजाहो करायच्या. ही मात्र कोळणींच्या रीतीने सरळ अरेतुरे करायची.

"दादा, लाटणी बंद करतोस?"

"तुला कुणी सांगितलं?"

"तू चाकाला कान लावून बसलास, तवाच कळलं मना. नको करू."

"रखमा, ते चाक झिजलंय. हात जाईल कुणाचा तरी."

"हात जाईल तवा जाईल." तिने पदर खोचला आणि आवाज खाली आणला. "मागल्या टायमाला तू बंद केलंस, तवा दौलतनं मना आत नाय घेतली. पंधरवडा भायेर ठेवली. माजी सासू घरात पडून व्हती. रोज इचारायची, पेज झाली का गो? शेवटी इचारायची पन थांबली. म्हातारी भुकेनं मेली, दादा. तापानं नाय मेली. तापातनं तर ती उठली व्हती."

ते मागचं काम गंगाधरला चांगलं आठवत होतं. शाफ्टचा एक आधार त्याने बदलला होता आणि त्या कामावर तो खूश होता.

"आता घरात पोर हाय, चांगुणा," रखमा म्हणाली. "तू चांगला मानूस हायस. तुला सांगून ठेवते."

तो वर जाऊन बसला. बऱ्याच वेळाने उठला आणि चिंचपोकळीला लेथवाल्याकडे गेला. रविवारी कारखाना बंद असायचा. रविवारी तुझा लेथ चालव, वर काय द्यायचं ते मी माझ्या खिशातून देतो, असं सांगून त्याने त्याला राजी केलं. म्हणजे कुणाचा रोज बुडणार नव्हता. मधल्या दिवसांसाठी त्याने पट्ट्याच्या दांड्याला काथ्याची दोरी घट्ट बांधली, म्हणजे पट्टा सरकला तरी दांडा त्याला अडवून धरील. मग रखमाला बोलावून दाखवलं.

"रूळ थांबले तरी हात घालायचा नाही. लाकडी उलथणं घ्यायचं. कळलं?"

"कळलं रे बाबा. केवढा जीव खातोस!" ती हसली आणि ओरडली, "आयकलं का गो? आज बंद नाय, उद्या बंद नाय!"

बाया हसल्या. त्यातली एक म्हणाली, "साहेबाला सुबुद्धी झाली." आजवर कणकेच्या खोलीत गंगाधरकडे बघून कुणी हसलं नव्हतं. त्याला ते आवडलं. दुसऱ्या दिवशी रखमाने सुक्या बोंबलांची एक जुडी पानात बांधून त्याच्या हातात कोंबली. घरी त्याची बायको आनंदीबाई हिने ते निखाऱ्यावर भाजले, वर कोकम आणि लसूण घातली. जेवता जेवता तो तिला म्हणाला, "आज माझ्यामुळे इतक्या घरांत चूल पेटली." आनंदीबाई म्हणाली, "बरं झालं हो." त्याने आणखी भात मागून घेतला.

शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, तो वर शाफ्टला तेल घालत होता. खालून किंकाळी आली नाही; आली ती आधी शांतता. बायांची बडबड एकदम थांबली. मग एक आवाज आला, माणसाचा आहे असं न वाटणारा.

पिठाने आणि भट्टीच्या वाफेने ओली झालेली दोरी सैल पडली होती. रूळ थांबले होते, पट्टा मोकळ्या चाकावर होता, आणि कणकेचा मोठा गोळा मधोमध चिकटून बसला होता. उलथणं त्याला पोहोचेना. दौलत मागे उभा राहून "चल, चल" करत होता. रखमाने हात घातला. चाक डुगडुगलं, दोरी निसटली, पट्टा पक्क्या चाकावर सरकला.

इंजिन बंद करायला गेलो तर जड गतिचक्र थांबेपर्यंत रूळ फिरतच राहतील, हे गंगाधरला ठाऊक होतं. शिडीवरून त्याने उडीच टाकली, भिंतीवरचा चामडं कापायचा सुरा ओढला आणि पट्ट्यावर घाव घातला. पट्टा सापासारखा उसळून छताला आपटला. रूळ थांबले. रखमाचा हात मनगटाच्या वरपर्यंत आत होता.

"उलटं फिरव," ती म्हणाली. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. "दादा, लवकर उलटं फिरव."

रूळ हाताने उलटे फिरवायला पान्याने तसूतसू पुढे जावं लागतं. त्याने ते केलं. पाना निसटत होता, आणि प्रत्येक वेळी निसटला की ती तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होती. देवाचं नाव असेल. शेवटी जे बाहेर आलं त्याला हात म्हणण्यासारखं काही राहिलं नव्हतं. रखमाने त्याकडे पाहिलं आणि मग ती कोसळली.

दौलत पुढे आला. त्याने आधी तुटलेला पट्टा उचलून पाहिला. "हा कधी जोडून होईल?"

गंगाधर धोतराची पट्टी फाडून रखमाच्या दंडाला आवळत होता.

"विचारतोय. शेठ विचारतील." मग त्याने सुरी घेतली, लाटणीवरची लाल झालेली तेवढी कणीक कापून बादलीत टाकली आणि उरलेली पाटावर ठेवायला सांगितली. एक बाई म्हणाली, "मुकादम, ती नका घेऊ." दौलत म्हणाला, "भट्टीत गेल्यावर सगळं शुद्ध होतं."

पिठाची पोती वाहणाऱ्या बैलगाडीत घालून गंगाधर रखमाला इस्पितळात घेऊन गेला. तिथे संध्याकाळच्या आत तिचा हात कोपरापासून काढला.

परत आला तो तसाच, सदऱ्यावर वाळलेल्या डागांनिशी, शेठच्या गादीपुढे उभा राहिला. हरजीवनशेठ पान लावत होता.

"शेठ, चूक माझी आहे. चाक झिजलेलं मला ठाऊक होतं. मंगळवारीच बंद करायला हवं होतं. मी रविवारवर ढकललं."

नोकरी जाईल, पोलीस येतील, काहीही होईल, अशी त्याने मनाची तयारी केली होती. शेठने पानावर चुना फिरवला.

"म्हणजे मंगळवार, बुधवार, गुरुवार, तीन दिवस माल निघाला," तो म्हणाला. "गंगाधरभाई, इतकी वर्षं तू मला रडवलंस. आज हे थांबवा, उद्या ते थांबवा. आता शहाणा झालास. बाईनं हात घातला, बाईची चूक. उलथणं दिलं होतं की नाही?"

"दिलं होतं."

"झालं तर. मोची बसवलाय, पट्टा रात्रीत जोडून होईल. सकाळी लाटणी सुरू कर."

शेठच्या शिव्या त्याने सहन केल्या असत्या. ही शाबासकी मात्र त्याला सोसेना.

सकाळी पट्टा जोडलेला होता. लाटणीपाशी, रखमाच्या जागी, तिची जाऊ शेवंता उभी होती. रात्रीच दौलतने तिला निरोप धाडला होता. जमीन धुतलेली होती. गंगाधरने कुणाशी शब्द न बोलता पाना घेतला, मोकळं चाक उतरवलं, त्यातली बुश ठोकून काढली आणि धोतराच्या सोग्यात गुंडाळली.

"हे काय?" दौलत ओरडला.

"चिंचपोकळीला चाललोय. नवी होईपर्यंत लाटणी चालणार नाही. शेठना सांग, मला काढायचं तर काढा. पण हे यंत्र पुन्हा जोडणारा आधी शोधा."

बाया फाटकाबाहेर काढल्या गेल्या. काल त्यांनी जे पाहिलं, त्यानंतर तरी त्या समजतील, असं गंगाधरला वाटत होतं. तो फाटकातून बाहेर पडला तेव्हा त्या वाट अडवून उभ्या होत्या.

"तिचा हात खाल्लास," शेवंता म्हणाली. "आता आमचं पोट खातोस?"

"अगं, तुमच्यासाठीच करतोय. उद्या तुझा हात—"

"माजा हात माजा हाय. तुला काय करायचंय त्याचं?"

कुणीतरी शेणाचा गोळा मारला. तो त्याच्या कानावर बसला. दुसरा पाठीवर. त्याने बुश छातीशी घट्ट धरली आणि चालत राहिला. मागून शिव्या येत होत्या. आईच्या, बापाच्या, न झालेल्या मुलांच्या. काल रखमासाठी रडलेली एक म्हातारी सगळ्यांत मोठ्याने ओरडत होती.

सोमवारी लाटणीचं चाक बसवायच्या आधी तो इस्पितळात गेला. रखमा खाटेवर उशाला टेकून बसली होती. तापाने तिचे डोळे चकाकत होते.

"कारखाना चालू झाला?" तिने पहिला प्रश्न केला.

"दुपारी होईल. मी बंद ठेवला होता. ते चाक—"

"आता बंद ठेवलास? मग आदी का नाय ठेवलास?"

उत्तर त्याच्या ओठांवर आलं. ते गिळून टाकायला हवं, हे कळत असूनही तो बोलून गेला. "तूच म्हणालीस ना, बंद करू नको म्हणून?"



"मी पोटाचं बोलले," ती म्हणाली. "चाकाचं तू बोलायचं व्हतंस. मना काय कळतं त्या चाकातलं? तुला कळत व्हतं."

पलीकडच्या खाटेवर कुणीतरी कण्हत होतं. मग रखमानेच उरलेल्या हाताने त्याची बाही धरली.

"जाऊ दे. झालं ते झालं. आता एक कर. माजी जागा चांगुणाला दे. दौलतला सांग. पोर चलाख हाय, हात तिचे बारीक हायेत, पटकन काढील."

"रखमा, काय बोलतेस तू?"

"मग आमी खायचं काय?"

"ती लहान आहे. नाही. लाटणीवर नाही."

"तवा दया केलीस, आता का नाय करत?"

"म्हणूनच करत नाही," तो म्हणाला.

तिने बाही सोडली आणि भिंतीकडे तोंड केलं. तो उठून गेला तरी ती वळली नाही.

लाटणी सुरू झाली. सूर स्वच्छ लागला. गंगाधरने रुळांपुढे एक लोखंडी जाळीही बसवली. शेठ कुरकुरला, पण त्याला दुसरा माणूस मिळाला नव्हता. महिन्याभराने एका सकाळी तो कणकेच्या खोलीत आला, तर लाटणीपाशी पिठाच्या उलट्या डब्यावर उभी राहून एक मुलगी कणीक ढकलत होती. रखमासारखंच नाक, रखमासारखाच खोचलेला पदर. जाळीच्या बाजूने तिचा हात सहज आत जात होता. ती जाळी मोठ्या बाईच्या हाताच्या बेताने केलेली होती.

गंगाधरने दांडा ओढला. रूळ थांबले.

"हिला काढ," तो दौलतला म्हणाला. "नाहीतर पट्टा चढवत नाही."

दौलत हसला. त्याला काय, एक गेली की दुसरी. त्याने चांगुणाला दंडाला धरून सगळ्या बायांच्या देखत फाटकापर्यंत नेली. "साहेबांना तू नको," असं सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला आणि बाहेर ढकलली. मुलगी रडली नाही. बाहेर रखमा उभी होती, अर्धा हात पदराखाली झाकून. तिने मुलीकडे पाहिलं, मग फाटकातून आत, गंगाधरकडे. तो दांडा धरून तसाच उभा होता. ती रस्त्यावर थुंकली आणि मुलीला घेऊन निघून गेली.

त्यानंतर गंगाधरने कधी कुणाला विचारलं नाही. सुराबद्दल शंका आली की दांडा ओढायचा. बाया बाहेर जायच्या, काही परत यायच्या, काही नाही. लाटणीत पुन्हा कुणाचा हात गेला नाही. बाया आता बोटंही मोडत नसत. तो खोलीत आला की बडबड थांबायची आणि तो जाईपर्यंत कुणी तोंड उघडत नसे. घरी आनंदीबाईने दोनदा विचारलं, "बोंबील आणू का?" दोन्ही वेळा तो "नको" म्हणाला.

दिवाळी झाल्यावर आनंदीबाईच म्हणाली, त्या मुलीला आपल्याकडे वरकामाला का आणत नाही? जेवेल, खाईल, मोठी होईल. त्याला ते इतकं पटलं, की इतके दिवस आपल्याला कसं सुचलं नाही याची त्याला लाज वाटली. रविवारी तो माझगावला कोळीवाड्यात गेला. जाळी वाळत घातलेल्या अंगणांतून विचारत विचारत रखमाच्या झोपडीपाशी पोहोचला. दाराला काटक्यांचा आडोसा लावलेला होता. शेजारी एक म्हातारी पायात कोयती धरून मासे साफ करत होती.

"रखमा? गेली ती सोडून."

"कुठे?"

म्हातारीने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तू तो इंजिनवाला काय रे?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"परळला गेली. पोरीला कापसाच्या गिरणीत लावलीय, चालत्या सांच्याखालचा कापूस झाडायला. म्या म्हटलं, अगो, तुजा हात गेला, पोरीला तिथं कशाला घालतेस? तर म्हनली, तिथं कायबी झालं तरी सांचं कुनी बंद करत नाय. मना तेच पायजे."

कुठली गिरणी, हे म्हातारीला सांगता येईना. किंवा सांगायचं नव्हतं. म्हातारीने माशाचं पोट फाडलं, आतडी काढून बाजूला फेकली, आणि पाणी हवंय का असंही न विचारता दुसरा मासा हातात घेतला. तो निघाला.

परळला तेव्हा कितीतरी गिरण्या होत्या. पुढचे काही रविवार त्याने त्यांच्या वस्त्यांतून हिंडून विचारपूस केली. मग हळूहळू सोडून दिली.